पराठा फाटतो तो पोळपाटावर नव्हे, पातेल्यात!

सोलापूर, प्रतिनिधी – ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि शेंगापोळी ही ज्या शहराच्या स्वयंपाकघराची ओळख, त्या सोलापुरातही बटाट्याचा पराठा आता परका राहिलेला नाही. मुलांच्या डब्यात, रविवारच्या न्याहारीला किंवा भाजी संपलेली असताना अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी तो हमखास केला जातो. मात्र भाकरी थापण्यात आणि पोळी लाटण्यात तरबेज असलेल्या घरांतूनही या पराठ्याविषयी एकच तक्रार ऐकू येते. लाटताना तो फाटतो, सारण बाहेर डोकावते, तव्याला चिकटते आणि निवल्यावर पराठा चिवट होतो. दोष बहुधा लाटणाऱ्या हाताला दिला जातो. वस्तुतः पराठा बिघडतो तो लाटण्याच्या कितीतरी आधी, बटाटा उकडण्याच्या पातेल्यात आणि कणीक भिजवण्याच्या परातीत. बिघाडाचे मूळ कारणही एकच असते, ते म्हणजे नको तेथे गेलेले पाणी.

हे एक सूत्र ध्यानात ठेवले, तर घरगुती पराठ्याच्या बहुतेक अडचणी आपोआप सुटतात. शेंगापोळी किंवा पुरणपोळी करता येणाऱ्या व्यक्तीला तर यातील निम्म्याहून अधिक विद्या आधीच अवगत असते.

नाव उत्तरेचे, तंत्र ओळखीचे

‘पराठा’ हा शब्द ‘परत’ म्हणजे थर आणि ‘आटा’ म्हणजे पीठ यांपासून आला, अशी व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे सांगितली जाते. पंजाब, हरियाना, दिल्ली आणि उत्तर प्रदेशात तो रोजच्या जेवणातील पदार्थ आहे. दिल्लीच्या चांदनी चौकातील पराठेवाल्या गल्लीत तो कढईत तुपात तळला जातो, तर हरियानातील मुरथलच्या ढाब्यांवर तंदुरात भाजून लोण्याच्या गोळ्यासह वाढला जातो. घरच्या तव्यावरचा पराठा या दोहोंपेक्षा निराळा असतो. त्याला कमी तूप पुरते आणि आचेवर लक्ष मात्र अधिक लागते.

गव्हाच्या पारीत सारण भरण्याची कल्पना दख्खनला मुळीच नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नपदार्थांचे सविस्तर प्रकरण असून, त्यात मांड्यांबरोबरच सारण भरलेल्या पदार्थांचाही उल्लेख येतो. ही कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेस, आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा नांदतात. मराठी घरात जी पुरणपोळी होते, तिला कन्नड घरात होळिगी म्हणतात आणि तेलुगू घरात बोब्बट्लू. नावे बदलली तरी मऊ पारीत सारण कोंडून ते फुटू न देता लाटण्याचे कसब तेच राहते.

नवा आहे तो बटाटा. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतले हे पीक पोर्तुगिजांच्या हातून सतराव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीज ‘बताता’वरूनच रूढ झाला. देशभर त्याची लागवड पसरण्यास पुढे बराच काळ लागला. त्यामुळे उत्तरेत ‘पारंपरिक’ समजला जाणारा बटाट्याचा पराठाही पुरणपोळीच्या मानाने अलीकडचाच आहे. अर्थात या बाबतीत सोलापूरकरांनी फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही. शेंगापोळीतला शेंगदाणा आणि शेंगाचटणीतली मिरची हीदेखील अमेरिका खंडातूनच आलेली पिके आहेत.

शेंगापोळीचा धडा

शेंगापोळी आठ-आठ दिवस टिकते आणि प्रवासात सोबत नेता येते. बटाट्याचा पराठा मात्र संध्याकाळपर्यंतही धड राहत नाही. दोहोंतील फरक समजून घेतला की पराठ्याचे गणित उलगडते.

शेंगापोळीच्या सारणात भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, गूळ, तीळ आणि वेलची असते. पाणी जवळजवळ नसतेच. त्यामुळे पारी ओली होत नाही आणि पोळी खुसखुशीत राहते. बटाट्यात याउलट सुमारे ८० टक्के पाणी असते. उकडताना त्यात आणखी पाणी शिरले, की ते मळलेल्या पिठात उतरू लागते. पारी आतून सैल पडते आणि लाटण्याचा दाब बसताच सर्वांत पातळ जागी फाटते. गरम सारण भरले तर वाफेची भर पडते. कांदा मिठासह घातला तर त्याचेही पाणी सुटते. एकूण काय, पराठ्याचे सारण बटाट्याचे असले तरी ते शेंगापोळीच्या सारणासारखे कोरडे करणे, हे पहिले काम होय.

दुसरा धडा पुरणपोळीचा. तिथे पुरण आणि कणीक यांचा मऊपणा सारखा असावा लागतो. कणीक घट्ट आणि पुरण सैल असेल तर पुरण कडेला पळते. कणीक सैल आणि पुरण घट्ट असेल तर पुरणाचा गोळा मध्येच अडून बसतो व पारी फाडतो. बटाट्याच्या पराठ्यालाही हाच नियम तंतोतंत लागू पडतो.

बटाटा कोणता घ्यावा?

बाजारात सगळे बटाटे सारखे दिसत असले तरी पराठ्यासाठी ते सारखे नसतात. नुकताच काढलेला नवा बटाटा नखाने खरवडताच सोलला जातो. त्यात पाणी जास्त व पिठूळपणा कमी असतो. रश्श्याच्या भाजीत त्याच्या फोडी अखंड राहतात, म्हणून तो भाजीला चांगला. पराठ्याला जुना, जाड सालीचा, उकडल्यावर भुगा होणारा बटाटा घ्यावा. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व खेड तालुक्यांतून तसेच सातारा जिल्ह्यातून येणारा खरिपाचा नवा बटाटा बाजारात असेल तेव्हा ही निवड अधिक जपून करावी लागते. एरवी बाजारात आग्रा व इंदूरकडचा साठवणुकीतील मालही मिळतो.

साठवणुकीच्या बटाट्यातही एक खोच आहे. फार थंड तापमानात ठेवलेल्या बटाट्यातील पिष्टाचे काही प्रमाणात साखरेत रूपांतर होते. असा बटाटा गोडसर लागतो आणि भाजताना लवकर काळपट पडतो. म्हणून कच्चे बटाटे घरी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. अंधाऱ्या, हवेशीर जागी टोपलीत ठेवावेत. उजेडात राहिल्याने हिरवे पडलेले बटाटे मात्र टाळलेलेच बरे. हिरवेपणासोबत त्यांत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये वाढलेली असू शकतात आणि ती उकडल्याने वा भाजल्याने नाहीशी होत नाहीत. थोडासा हिरवा भाग व कोंब खोलवर कापून काढता येतात. परंतु बटाटा बराच हिरवा झाला असेल किंवा कडू लागत असेल तर तो टाकून द्यावा.

साहित्य (मध्यम आकाराच्या ८ पराठ्यांसाठी)

पारीसाठी – गव्हाचे बारीक दळलेले पीठ ३०० ग्रॅम (साधारण २ मोठ्या वाट्या), मीठ अर्धा चमचा, तेल २ चमचे, कोमट पाणी अंदाजे २०० मिलिलिटर.

सारणासाठी – जुने बटाटे अर्धा किलो (४ ते ५ मध्यम), हिरव्या मिरच्या ३ ते ४, आल्याचा छोटा तुकडा, जिरे १ चमचा, ओवा पाव चमचा, धनेपूड १ चमचा, आमचूर अर्धा चमचा, बारीक चिरलेली व पूर्ण कोरडी केलेली कोथिंबीर मूठभर, मीठ चवीपुरते.

याशिवाय लाटण्यासाठी तांदळाची पिठी किंवा कोरडे पीठ आणि भाजण्यासाठी तेल किंवा तूप.

या प्रमाणात मळलेली कणीक व तयार सारण यांचे वजन जवळपास सारखे भरते. प्रत्येक पराठ्याला लिंबाएवढ्या मोठ्या दोन गोळ्या, एक कणकेची आणि एक सारणाची, असा सोपा हिशेब ठेवावा. हात बसला की सारणाची गोळी किंचित मोठी करता येते.

सारण : कोरडे आणि एकसंध

बटाटे सालीसकट, अखंड उकडावेत. चिरून उकडल्यास कापलेल्या बाजूंनी पाणी आत शिरते. कुकरच्या तळाशी पाणी घालून बटाटे वरच्या भांड्यात पाण्याविना ठेवावेत, म्हणजे ते वाफेवर शिजतात. मध्यम बटाट्यांना तीन ते चार शिट्ट्या पुरतात. सुरी सहज आत गेली पाहिजे, पण साल फुटून बटाटा पाणी प्यायलेला नसावा. शिजल्यावर ते लगेच बाहेर काढावेत. कुकरमध्ये तसेच पडून राहिले तर सालीवर जमणारे पाणी पुन्हा आत मुरते.

कोमट असतानाच साल काढावी आणि बटाटे ताटात पसरून पूर्ण निवू द्यावेत. या वेळात त्यांतील वाफ निघून जाते. निवल्यानंतर ते किसणीने किसावेत किंवा पुरणयंत्रातून काढावेत. हाताने कुस्करल्यास वाटाण्याएवढी गुठळी राहून जाते आणि पराठा फाडायला तेवढी एक गुठळी पुरेशी होते. मिक्सर मात्र वापरू नये. त्याच्या पात्याने बटाट्याच्या पेशी फुटून पिष्ट बाहेर पडते आणि सारण डिंकासारखे चिकट होते.

मिरची, आले व जिरे पाणी न घालता वाटून घ्यावे. चमचाभर तेलात हे वाटण आणि ओवा मिनिटभर परतून किसात मिसळले तर कच्चा वास जातो आणि ओलावाही कमी होतो. धनेपूड, आमचूर, कोथिंबीर त्यानंतर घालावी. मीठ अगदी शेवटी, लाटायला बसताना घालावे, कारण मीठ घातलेले सारण जितका वेळ पडून राहील तितके ओलसर होत जाते. लिंबाच्या रसाऐवजी आमचूर घेण्याचे कारणही हेच आहे.

एवढे करूनही सारण ओलसर वाटलेच, तर कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतावे. सोलापुरी घरात याहून चविष्ट उपाय हाताशी असतो. दोन चमचे शेंगाचटणी मिसळली की शेंगदाण्याचा कूट ओलावा शोषून घेतो आणि लसूण-तिखटाची चवही मिळते. अशा वेळी मीठ व मिरची त्या मानाने कमी घ्यावी.

कणीक : सैल आणि मुरलेली

गव्हाच्या पिठात पाणी मिसळून मळले, की त्यातील प्रथिनांपासून ग्लूटेनचे लवचिक जाळे तयार होते. पारीला ताण सोसण्याची शक्ती हे जाळे देते. पीठ जाडसर असेल किंवा त्यात कोंड्याचे मोठे कण असतील तर ते कण या जाळ्याला छेद देतात. म्हणून पराठ्यासाठी पीठ बारीक चाळणीने चाळून घ्यावे. वर राहिलेला कोंडा वाया घालवण्याचे कारण नाही, तो दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांच्या पिठात मिसळता येतो. मैदा घालण्याची गरज पडत नाही.

रोजच्या पोळीपेक्षा कणीक थोडी सैल भिजवावी. कानाच्या पाळीइतकी मऊ, ही जुनी खूण येथेही उपयोगी पडते. पाणी एकदम न ओतता थोडे थोडे घालावे, कारण प्रत्येक गव्हाची पाणी पिण्याची शक्ती वेगळी असते. पाच-सात मिनिटे चांगले मळून वरून तेलाचा हात फिरवावा आणि ओल्या फडक्याखाली किमान अर्धा तास कणीक मुरू द्यावी. नुकत्याच मळलेल्या कणकेतील जाळे ताठ असते. ती लाटली की आखडते, आणि जोर लावला की फाटते. अर्ध्या तासाच्या विश्रांतीने ती सैलावते. सकाळच्या घाईत हाच अर्धा तास बहुधा वगळला जातो. बटाटे उकडायला ठेवण्यापूर्वी कणीक भिजवून ठेवली, तर हा वेळ वेगळा काढावा लागत नाही.

भरणे आणि लाटणे

कणकेच्या गोळीला अंगठ्याने वाटीचा आकार द्यावा. वाटीच्या कडा पातळ आणि तळ जाड राहील असे पाहावे, कारण तोंड मिटताना कडा एकत्र येऊन तेथे जाडी वाढते. सारणाची घट्ट गोळी आत ठेवून कडा चुण्या घालत वर आणाव्यात. तोंड मिटल्यावर वर उरलेली कणकेची शेंडी चिमटीने काढून टाकावी. आत हवा कोंडली गेली तर लाटताना तेथेच फुगा येऊन पारी फुटते, म्हणून मिटताना सारण हलक्या हाताने दाबत राहावे.

उंडा पिठीत घोळवून मिटलेली बाजू पोळपाटावर खाली ठेवावी आणि लाटणे हाती घेण्यापूर्वी बोटांनी चारी बाजूंनी दाबून तळहाताएवढा करावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. बोटांच्या दाबाने सारण कडेपर्यंत सारखे पसरते, पुढे लाटण्याला फक्त पातळपणा आणण्याचे काम उरते. त्यानंतर मध्यावर जोर न देता कडेकडेने, पराठा फिरवत, हलक्या हाताने लाटावे. सात ते आठ इंच व्यास पुरेसा होतो. एखाद्या जागी सारण दिसू लागले तर तेथे चिमूटभर पिठी दाबावी आणि ती बाजू तव्यावर आधी खाली टाकावी.

ज्यांचा हात अजून बसलेला नाही, त्यांनी गुळाच्या पोळीची रीत अवलंबावी. दोन लहान पातळ पोळ्या लाटून एकीवर कडेला अर्धा इंच जागा सोडून सारण पसरावे, दुसरी वर ठेवून कडा दाबाव्यात आणि एकदोनदा लाटणे फिरवावे. असा पराठा सहसा फाटत नाही. नवशिक्यांना यातून सारणाचा अंदाजही येतो.

भाजणे

तवा जाड, शक्यतो लोखंडी असावा आणि पराठा टाकण्यापूर्वी चांगला तापलेला असावा. पाण्याचा थेंब टाकताच तो नाचत उडून गेला पाहिजे. आच मध्यम ते मोठी ठेवावी. मंद आचेवर भाजलेल्या पराठ्यातील पाणी हळूहळू उडून जाते आणि तो वातड होतो.

पराठा टाकल्यावर वरच्या बाजूचा रंग बदलून बारीक फुगवटे दिसू लागले की तो उलटावा. दुसऱ्या बाजूला फिकट तांबूस ठिपके आले की वर पाऊण चमचा तेल किंवा तूप पसरवून पुन्हा उलटावा व त्या बाजूलाही तेवढेच लावावे. तेल आधी सोडू नये. कच्च्या पारीत ते मुरते आणि पराठा तेलकट लागतो. कडा कच्च्या राहू नयेत म्हणून उलथन्याने त्या दाबाव्यात. मध्यभागी जोराने दाबल्यास आतली वाफ निघून जाते आणि पराठा फुगत नाही. एका पराठ्याला साधारण दोन ते तीन मिनिटे लागतात.

कुठे काय चुकले?

सारण सगळीकडून बाहेर येत असेल, तर ते ओले आहे. एकाच जागी फाटत असेल, तर तेथे गुठळी, कोथिंबिरीचा देठ किंवा मिरचीचा तुकडा आहे. लाटलेला पराठा पुन्हा आखडत असेल, तर कणीक मुरलेली नाही. कडेला नुसती कणीक लागत असेल, तर बोटांनी दाबण्याची पायरी राहून गेली आहे. पराठा कडक झाला, तर आच कमी पडली किंवा पिठी जास्त झाली. तव्यावरून उतरताना मऊ असलेला पराठा पाच मिनिटांत ओलसर झाला, तर तो गरम असतानाच झाकला गेला आहे.

ज्वारीच्या पिठाचा पराठा

सोलापूर जिल्ह्यात रोजचे धान्य आजही ज्वारीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तर २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. घरात ज्वारीचे पीठ असताना त्याचाच पराठा का करू नये, असा प्रश्न साहजिक आहे. अडचण एवढीच, की ज्वारीत ग्लूटेन नसते. त्यामुळे तिची पारी ताणली जात नाही आणि आत सारण कोंडता येत नाही.

येथे युक्ती उलटी करावी लागते. बटाटा आत भरण्याऐवजी पिठातच मळावा. दोन वाट्या ज्वारीच्या पिठाला एक वाटी किसलेला उकडलेला बटाटा, तिखट, मीठ, तीळ, ओवा व कोथिंबीर घालून गरम पाण्याच्या हबक्याने मळावे. ज्वारीच्या पिठाला जो बांध लागतो, तो येथे बटाट्याचे पिष्ट पुरवते. ओल्या फडक्यावर धपाट्यासारखे थापून फडक्यासह उचलावे, तव्यावर उलटवून फडके अलगद सोडवावे आणि कडेने तेल सोडून भाजावे. गहू न चालणाऱ्यांनाही हा प्रकार खाता येतो. मात्र त्यांच्यासाठी ज्वारी दळताना गिरणीत आधीचे गव्हाचे पीठ मिसळले जाणार नाही, याची खात्री करून घ्यावी.

डबा आणि सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडला जातो, तेव्हा शिजवलेला ओलसर बटाटा सहा तास उष्ण हवेत राहिलेला असतो. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ साध्या तापमानात ठेवू नये, ते ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. उकडलेल्या बटाट्यासारख्या पिष्टमय, ओल्या पदार्थात रोगजंतू झपाट्याने वाढू शकतात. अन्न आंबल्याचा वास येईपर्यंत थांबणे हा भरवशाचा मार्ग नव्हे, कारण घातक जंतूंची वाढ प्रत्येक वेळी वासावरून कळतेच असे नाही.

म्हणून रात्री उकडलेले बटाटे ओट्यावर तसेच ठेवून सकाळी वापरण्याची सवय सोडावी. ते निवताच सालीसकट फ्रिजमध्ये ठेवावेत. तसे केल्याने बटाटा कोरडा व घट्ट होतो, सारणही अधिक चांगले जमते. हिवाळ्यात पराठा मधल्या सुटीच्या डब्याला उत्तम. तो जाळीवर पूर्ण निववून, कागदात गुंडाळून द्यावा आणि सारणात कच्चा कांदा टाळावा. ऐन उन्हाळ्यात दुपारपर्यंत राहणाऱ्या डब्यात मात्र शेंगापोळी, शेंगाचटणीसह कडक भाकरी असे कोरडे पदार्थच द्यावेत. ज्या हवामानात ही खाद्यसंस्कृती घडली, त्या हवामानाला काय टिकते हे तिने फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे.

ताटाचा समतोल

गहू आणि बटाटा दोन्ही पिष्टमय. वरील प्रमाणातील एका पराठ्यात, दीड चमचा तेल-तुपासह, साधारण अडीचशे कॅलरी असतात. वर लोण्याचा गोळा ठेवला की हा आकडा झपाट्याने वाढतो. नुसता पराठा व लोणचे हे जेवण पोट भरते, पण प्रथिने फारशी देत नाही. सोबत वाटीभर दही आणि काकडी किंवा मुळ्याची कोशिंबीर असली की ताट पुरे होते. दह्यात कालवलेली शेंगाचटणी तर सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. मधुमेह असलेल्यांनी पराठ्यांची संख्या आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी आणि निम्म्या बटाट्याच्या जागी किसलेला फ्लॉवर किंवा पनीर वापरावे. फ्लॉवर मीठ लावून पिळून घ्यायला विसरू नये, कारण पाण्याचा नियम तेथेही सुटत नाही.

तयार पराठा आणि कराचा घोळ

दुकानाच्या शीतपेटीत आता गोठवलेला, अर्धवट भाजलेला पराठाही मिळतो. पराठा म्हणजे रोटीच की निराळा पदार्थ, हा प्रश्न वस्तू व सेवा कराच्या निमित्ताने काही वर्षे गाजला. पोळी-रोटीवर कमी कर आणि तयार पराठ्यावर १८ टक्के कर, असा कौल २०२० मध्ये कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने दिल्यावर त्यावर बरीच टीका झाली. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने रोटी आणि पराठा दोन्ही करमुक्त करण्याचा निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. पाकिटावरील घटकांची यादी मात्र वाचून घ्यावी. त्यात मैदा, पाम तेल आणि मीठ यांचे प्रमाण किती, हे पाहिल्यावर घरच्या अर्ध्या तासाच्या श्रमांचे मोल कळते.

तव्यापाशी उभे राहणाऱ्या माणसाचे काय?

हे श्रम कोणाचे, हा प्रश्न पाककृतीत सहसा येत नाही. पराठा गरमच खावा, असा आग्रह सर्वांचा असतो. त्यामुळे घरातील सारे जण पानावर बसलेले असताना एक व्यक्ती, आणि ती बहुतेक वेळा बाईच, तव्यापाशी उभी राहते. तिच्या वाट्याला शेवटचा, बहुधा सारण कमी पडलेला पराठा येतो, तोही एकटीने खावा लागतो.

यावर उपाय आहे आणि तो पराठ्याच्या तंत्रातच दडलेला आहे. सर्व पराठे लाटून दोन्ही बाजूंनी तेलाविना, फिकट ठिपके येईपर्यंत भाजून घ्यावेत आणि फडक्यावर सुटे पसरून निववावेत. हे काम जेवणापूर्वी तासभर आधी उरकता येते. त्याहून जास्त वेळ असेल तर ते मध्ये कागद घालून फ्रिजमध्ये ठेवावेत. पाने मांडल्यावर तापलेल्या तव्यावर तेल किंवा तूप सोडून प्रत्येक बाजूला पाऊण मिनिट भाजले की ते ताजे होतात. दोन तवे असतील तर आठ पराठे सहा-सात मिनिटांत तयार होतात. हे शेवटचे भाजणे ज्याला लाटणे येत नाही, अशा घरातील कोणालाही जमण्यासारखे आहे.

कणीक भिजवणे, बटाटे सोलणे, किसणे ही कामेही वाटून घेता येतात. लाटायला हात बसावा लागतो हे खरे, पण बटाटा कोरडा ठेवण्यास केवळ लक्ष लागते. ते घरातील प्रत्येकाने दिले, तर पराठा फाटणार नाही आणि तो करणारीलाही सर्वांसोबत, गरम असतानाच, खाता येईल.